जंगलालगतच्या कॉलनीची फायर गाइडलाइन अपडेट करून देणारी सर्व्हिस: घरांना पैकीच्या पैकी, रस्त्यावर गुळमुळीत

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ३. हे ३ पण सरासरी काढून आलेत, कारण ह्या लोकांचं अर्धं काम इतकं चोख आहे की डोळे झाकून ५ द्यावेत, आणि उरलेलं अर्धं वाचताना रिपोर्ट बंद करून चक्कर मारून यावंसं वाटलं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कृपया विचारू नका. मला जे सांगायचंय ते अशी सर्व्हिस कधी घ्यावी, कोणाच्या पैशाने घ्यावी आणि त्यात काय बघावं ह्याबद्दल आहे.

आमची कॉलनी जंगलाला अगदी खेटून आहे, तीन बाजूंनी झाडी आणि चौथ्या बाजूने रस्ता. ताबा देताना बिल्डरने फायर सेफ्टीची एक पुस्तिका दिलेली, त्यात काय तर घरापासून ३० मीटरपर्यंत झाडझाडोरा साफ ठेवा, प्रत्येक मजल्यावर एक्स्टिंग्विशर ठेवा, गेट मोकळं ठेवा, हायड्रंट (बंबाला पाणी देणारे नळ) आहेत, संपलं. आता फेज टू, म्हणजे कॉलनीचा पुढचा टप्पा निघालाय, वरच्या धारेवर, आणि इन्शुरन्सवाल्यांनी टोचणी लावली की आधी ही जुनी गाइडलाइन बदला मग पुढचं बोलू. मग कमिटीने आणि बिल्डरने मिळून हे कन्सल्टंट नेमले, फी निम्मी निम्मी. हे निम्मी निम्मी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पॅकेजमध्ये होतं ते असं: पूर्ण साइटचा सर्व्हे, ड्रोन वगैरे, प्रत्येक घराचं वेगळं शीट, कॉलनीसाठी नवीन गाइडलाइनचं पुस्तक, रहिवाशांसाठी एक ट्रेनिंग, आणि नंतर वर्षभर शंका विचारायची सोय.

सर्व्हेला टीम आली तेव्हा आम्ही सगळे त्यांना जंगलाच्या कडेला घेऊन जायला तयार उभे, आणि त्यांनी आल्या आल्या शिडी मागितली. आधी छप्पर. मग पन्हळी, मग वळचण, मग पोटमाळ्याचे व्हेंट, जंगल सगळ्यात शेवटी. आमच्यातल्या दोघातिघांना ते बघून हसू आलं की वणव्याचे तज्ज्ञ पन्हळीतला पाचोळा उकरतायत, पण त्यांचं म्हणणं ऐकल्यावर पटतं. वणव्यात घरं जळतात ती बहुतेक वेळा ज्वाळांची भिंत येऊन धडकली म्हणून जळत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी जळतात. असा निखारा किलोमीटरभर लांबून येऊ शकतो, पन्हळीतल्या सुक्या पानांत पडतो किंवा व्हेंटच्या जाळीतून माळ्यावर शिरतो आणि घर आतून पेटतं, बाहेरची झाडं हिरवीच्या हिरवी. त्यांनी अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या जॅक कोहेन ह्यांच्या प्रयोगाचं उदाहरण दिलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या होत्या, १०, २० आणि ३० मीटरवर. १० मीटरवरच्या काही पेटल्या, २० आणि ३० वाल्या नाही पेटल्या. म्हणजे नुसत्या उष्णतेसाठी ३० मीटर भरपूर झाले, आणि निखाऱ्यांसाठी ३० मीटर म्हणजे काहीच नाही, त्यांना काय अंतर आणि काय कुंपण. आमची जुनी पुस्तिका सगळी त्या ३० मीटरवर उभी होती आणि घराच्या बांधणीबद्दल त्यात अक्षर नव्हतं, हे पाच मिनिटांत कळलं. इथे फुल मार्क.

घराची शीटं तर मला फारच आवडली. गुळगुळीत सल्ले नाहीत, तुमच्या घराचा फोटो, त्यावर गोल, आणि खाली काय करायचं ते सरळ. व्हेंटची जाळी बदला, छिद्र ३ मिलिमीटरपेक्षा मोठं नको (ऑस्ट्रेलियात २ मिलिमीटरची मर्यादा आहे, कॅलिफोर्नियात साधारण दीड ते सव्वातीन चालतं, आणि निखारे आणि ज्वाळा दोन्हीसाठी टेस्ट केलेले तयार व्हेंटही मिळतात). जाळी बारीक केली की ती धुळीने आणि रंगाने बुजते, मग माळ्यावर दमटपणा वाढतो, म्हणून दर वर्षी ब्रशने साफ करा, हेसुद्धा लिहिलेलं, जे विकणारा कधी सांगत नाही. कौलांच्या खालच्या ओळीतली भोकं बंद करा, तिथे पक्षी घरटी करतात आणि ती घरटी म्हणजे तयार काडीपेटी. लाकडी कुंपण घराला चिकटतं तिथला शेवटचा दीड मीटरचा तुकडा काढून धातूचा लावा, कारण पेटलेलं कुंपण आग हळूहळू घरापर्यंत आणून सोडतं. डेकच्या खाली सामान ठेवू नका. आणि गंमत म्हणजे ह्यातली निम्मी कामं कमी खर्चाची आहेत, एका सुट्टीच्या दिवशी होतील अशी, आणि शीटमध्ये तीच वर लिहिलेली, छप्पर बदलण्यासारखी महागडी खाली. हा क्रम लावणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.

आता भांडण. नवीन गाइडलाइनमधला पहिला नियम असा की भिंतीपासून दीड मीटरच्या पट्ट्यात जळणारं काहीही नको, ना झुडूप, ना सुक्या सालींचं मल्चिंग, ना लाकडाची मोळी, ना पायपुसणं. खडी चालेल, फरशी चालेल. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं आणि हॉलमध्ये असा गलका झाला की विचारू नका. माझ्या शेजारच्या काकूंनी खिडकीखाली इतक्या वर्षांत वाढवलेली झुडपं आहेत, त्या उठून उभ्याच राहिल्या, म्हणाल्या जंगल तिकडे आहे ना मग माझ्या झुडपांच्या मागे का लागलात. ट्रेनरने काय केलं, वाद घातला नाही, भिंतीलगत पेटलेल्या एका झुडपाचा टेस्टचा व्हिडिओ लावला, झुडपाची आग खिडकीच्या काचेपर्यंत गेली, काच तडकली, पडदा पेटला. काकू बसल्या. पटलं असं नाही म्हणणार, पण बसल्या.

हे भांडण आमच्याच इथलं आहे असं समजू नका. कॅलिफोर्नियाने ह्या दीड मीटरसाठी, म्हणजे त्यांच्या ५ फुटांसाठी, २०२० मध्ये कायदा केला, त्यांच्याकडे ह्याला झोन झिरो म्हणतात. नियम १ जानेवारी २०२३ पर्यंत तयार व्हायचे होते, नाही झाले. मग जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पॅलिसेड्स आणि ईटनच्या आगींत १६ हजारांहून जास्त इमारती गेल्या, फेब्रुवारीत गव्हर्नरला आदेश काढावा लागला की वर्षअखेरपर्यंत संपवा, आणि तरी लोक कशावर भांडत होते तर भिंतीलगतच्या झाडांवर. म्हणजे जिथे शहराच्या शहर जळलं तिथेही झुडूप सोडवत नाही माणसाला. आमच्या काकूंना काय बोलणार.

ह्या बाबतीत कन्सल्टंटनी एक शहाणपणा केला, तो सगळ्यांनी कॉपी करावा. नव्या घरांना दीड मीटरचा पट्टा सक्तीचा पहिल्या दिवसापासून, जुन्या घरांना मुदत देऊन, आणि सुरुवात खिडक्यांच्या आणि व्हेंटच्या खालच्या भागापासून. झाडं सरसकट तोडा असं कुठेच नाही. मोठी झाडं राहू द्या, खालच्या फांद्या दोन मीटरच्या आसपास छाटा, झाडाखाली झुडूप नको म्हणजे आगीला वर चढायला शिडी मिळत नाही, आणि मुळासकट सगळं साफ केलंत तर पावसात माती जाईल आणि तिथे गवत माजेल, जे वाळलं की झाडांपेक्षा लवकर पेटतं. आमच्या जुन्या पुस्तिकेप्रमाणे बिल्डरने एका बाजूला तेच करून ठेवलेलं, सपाट बोडकं मैदान आणि आता त्यात कमरेएवढं गवत.

उताराचा भाग ह्या सर्व्हिसमधला मला सगळ्यात मोलाचा वाटला आणि तो वाचायला सगळ्यात कंटाळवाणा आहे, पानंच्या पानं तक्ते. पण वाचाच. आग चढावर जोरात धावते, ऑस्ट्रेलियन लोकांचा ठोकताळा असा की दर १० अंश चढाला वेग साधारण दुप्पट. म्हणजे सपाट जागेवरचं घर आणि २० अंशांच्या उतारावर वर बसलेलं घर ह्यांना तेच ३० मीटर लावणं म्हणजे शुद्ध फसवणूक, खालून येणारी आग चौपट वेगाने येणार. ऑस्ट्रेलियात ए एस ३९५९ नावाचं स्टँडर्ड आहे, ७ फेब्रुवारी २००९ च्या ब्लॅक सॅटर्डेला व्हिक्टोरिया राज्यात वणव्यांत १७३ माणसं गेली त्याच वर्षी ते नव्याने काढलं, त्यात झाडी कुठल्या प्रकारची, ती किती लांब आणि उतार किती हे मोजून प्लॉटला सहापैकी एक पायरी देतात, सगळ्यात खालची लो, मग १२.५, १९, २९, ४० आणि शेवटची फ्लेम झोन, म्हणजे ज्वाळांच्या थेट टप्प्यातली. ते आकडे म्हणजे भिंतीवर किती उष्णता पडेल त्याचे, किलोवॅट पर चौरस मीटरमध्ये. मग त्या पायरीप्रमाणे काच कुठली, दार कसलं, सगळं ठरतं. आमच्या कन्सल्टंटनी हीच पद्धत घेऊन प्रत्येक प्लॉटची पायरी काढली. नकाशा रंगीत, लाल ते हिरवा. आमचे बहुतेक प्लॉट मधल्या रंगात, आणि फेज टूची धारेवरची रांग सरळ लाल. धारेवरून व्ह्यू भारी म्हणून तेच प्लॉट सगळ्यात महाग आहेत हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत माझ्या मनात ५ स्टार होते.

मग आलं घरांमधलं अंतर. ह्या विषयावर रिपोर्टमध्ये आकडे चांगले दिलेत आणि निष्कर्ष काढायच्या वेळी हात आखडलाय. आकडे सांगते कारण ते मला स्वतःला हादरवून गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज गाव जळलं, त्या वणव्याचं नाव कॅम्प फायर, ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त इमारती गेल्या. नंतर संशोधकांनी बसून हिशोब लावला की कुठली घरं वाचली. १९९७ च्या आधीची फक्त साडेअकरा टक्के वाचली, १९९७ आणि नंतरची साडेअडतीस टक्के. ठीक, नवीन बांधकाम बरं. पण कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये वणव्याच्या पट्ट्यासाठी कडक बिल्डिंग कोड आणला, चॅप्टर ७ ए, तो लागू व्हायच्या थोड्या आधीची आणि थोड्या नंतरची घरं बघितली तर ३७ टक्के आणि ४४ टक्के, आणि संशोधक म्हणतात हा फरक आकडेशास्त्राच्या हिशोबाने धरता येत नाही. मग घर वाचेल की नाही हे कशावरून सांगता येत होतं, तर जवळचं जळलेलं घर किती लांब होतं, १०० मीटरच्या आत किती इमारती जळल्या, आणि आजूबाजूला झाडांचं छत्र किती दाट होतं. जळणाऱ्या घरापासून १८ मीटरपेक्षा लांब असलेली घरं जास्त वाचली. म्हणजे तुम्ही तुमचं घर कितीही चकाचक करा, शेजाऱ्याचं पेटलं आणि ते ६ मीटरवर असलं की तुमच्या नवीन जाळीला कोण विचारतो. तासन्‌तास जळणारं अख्खं घर शेजारी असेल तर ते झाडापेक्षा कितीतरी वाईट जळण आहे.

अमेरिकेतल्याच कोलोरॅडोमधल्या मार्शल फायर नावाच्या आगीचंही तेच. ३० डिसेंबर २०२१, ऐन हिवाळा, गवताची आग, वारा तुफान, आणि बोल्डर काउंटीतल्या सुपीरियर आणि लुइसव्हिल ह्या नीट आखलेल्या उपनगरी वस्त्यांमधली हजाराहून जास्त घरं एका दिवसात गेली, एकाचं दुसऱ्याला लागत. जंगल म्हणावं असं तिथे लगत नव्हतंच, नुसतं कुरण.

हे सगळं रिपोर्टमध्ये आहे. आणि आमच्या फेज टूचे प्लॉट किती अंतरावर आहेत? ६ मीटर. ह्यावर निष्कर्ष काय, तर समोरासमोरच्या भिंती न जळणाऱ्या मटेरियलच्या करा, त्या बाजूला खिडक्या कमी ठेवा, ठेवल्यात तर टफन्ड ग्लास लावा, आणि दोन घरांच्या मध्ये शेड बांधू नका. चूक काहीच नाही, हे सगळं करायलाच हवं, पण प्लॉट कमी करून अंतर वाढवा हे एक वाक्य तिथे यायला हवं होतं ते नाही आलं. प्लॉट अजून विकलेले पण नाहीत हो! कागदावरची रेघ आहे, रबराने खोडली तर खोडली जाईल.

आणि रस्ता. मला इथे मुद्दाम जास्त लिहायचंय.

आमच्या कॉलनीला आत यायला बाहेर जायला एकच रस्ता, दीड किलोमीटर, शेवटी डेड एंड, मधे दोन वळणं अशी की बंब आणि गाडी समोरासमोर आले तर एकाने मागे जायचं. फेज टू झाला की ह्याच रस्त्यावर जवळपास दुप्पट घरं. तुलनेसाठी, कॅलिफोर्नियात राज्याच्या अखत्यारीतल्या वणवाप्रवण भागात डेड एंड रस्ता किती लांब चालेल हे प्लॉटच्या आकारावर आहे, एक एकरपेक्षा लहान प्लॉट असतील तर ८०० फूट, म्हणजे साधारण २४५ मीटर. आमचा त्याच्या सहापट. रुंदीला १० फुटांच्या दोन लेन हव्यात, म्हणजे जाणाऱ्या गाड्या आणि येणारा बंब एकाच वेळी निघाले पाहिजेत. २०१९ मध्ये त्यांनी अजून एक कायदा केला की शहरांनी आणि काउंट्यांनी आराखडा सुधारताना धोक्याच्या भागातल्या कुठल्या वस्त्यांना बाहेर पडायचे दोन मार्ग नाहीत ते शोधून नावानिशी नोंदवायचं. साधी गोष्ट आहे, यादी करा. यादी केली की मग लाज वाटते.

का करतात हे, कारण माणसं घरात कमी आणि रस्त्यावर जास्त अडकतात अशा आगी होऊन गेल्यात. पोर्तुगालमध्ये जून २०१७ ला पेद्रोगाओ ग्रांदेच्या आगीत ६६ जण गेले, त्यातले ४७ एकाच रस्त्यावर किंवा त्याच्या आसपास, बहुतेक गाडीतून पळताना. ग्रीसमध्ये माती नावाची समुद्राकाठची वस्ती, जुलै २०१८, शंभरावर माणसं, गल्ल्या अरुंद, आखणी नाही, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तिथवर जायला वाट सापडेना. आणि पॅरडाइजमध्ये तर गावाचे भाग (झोन) पाडून एकेक भाग रिकामा करायचा प्लॅन होता, सराव झालेला होता, तरी रस्ते तुंबले कारण आग सगळ्या झोनना एकदमच आली.

आता ऐका. मी कमिटीवर असल्यामुळे मला ह्या गाइडलाइनचा ड्राफ्ट वाचायला मिळाला होता. ड्राफ्टमध्ये पहिल्याच पानावर ठळक अक्षरात वाक्य होतं: दुसरा रस्ता वापरात आल्याशिवाय फेज टूमधल्या कुठल्याही घराचा ताबा देऊ नये. एकदम सरळ, ज्याला कळायचं त्याला कळेल. फायनल पुस्तक हातात आलं तेव्हा मी ते वाक्य शोधतेय शोधतेय, पहिलं पान नाही, सारांश नाही, रस्त्यांच्या प्रकरणातही नाही. सापडलं परिशिष्टात, आणि काय झालंय त्याचं तर "दीर्घकालीन नियोजनात पर्यायी मार्गाचा विचार होणे इष्ट राहील." इष्ट राहील म्हणे! मी फोन केला. त्यांच्या माणसाने फार गोड शब्दांत सांगितलं की मॅडम, स्टेकहोल्डर कन्सल्टेशन झालं, रस्ता हा विषय आमच्या स्कोपच्या बाहेर जातो. मग ड्राफ्टमध्ये कसा होता? तर तो प्राथमिक होता. आणि स्टेकहोल्डर म्हणजे कोण, आम्ही तर ह्यावर काही बोललोच नव्हतो. फी निम्मी निम्मी, आठवतंय ना.

म्हणून दोन स्टार गेले, आणि हे दोन मी परत देणार नाही, मग जाळीची शीटं कितीही सुंदर असोत. कारण बघा, व्हेंट मी पुढच्या वर्षी बदलू शकते, झुडूप उद्या काढू शकते, कुंपण कधीही. पण प्लॉटचं अंतर, रस्त्याची रुंदी, दुसरी वाट, धारेवर घरं बांधायची की धारेच्या मागे सरकवायची, ह्या गोष्टी एकदा बांधकाम झालं की कायमच्या. गाइडलाइन अपडेट करायची खरी वेळ लेआउट पक्का व्हायच्या आधीची, आणि आमच्याकडे ती वेळ होती, हातात होती, आणि त्यांनी ती इष्ट राहीलमध्ये घालवली.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे काम बरं केलंय. जुन्या पुस्तिकेत हायड्रंट आहेत एवढंच होतं. ह्यांनी विचारलं की दहा घरं एकदम पेटली आणि वीज गेली तर त्या हायड्रंटला पाणी कुठून येणार? घर जळून कोसळतं तेव्हा त्याचा नळ तुटतो आणि पाणी तसंच वाहत राहतं, अशी बरीच घरं झाली की लाइनमधला प्रेशरच जातो. पॅलिसेड्समध्ये प्रत्येकी १० लाख गॅलनच्या तीन टाक्या भरलेल्या होत्या, मागणी कित्येक तास नेहमीच्या चौपट राहिली आणि वरच्या भागातले हायड्रंट कोरडे पडले. आमच्यासाठी त्यांनी उंचावर वेगळी टाकी, उताराने येणारं पाणी, डिझेलचा पंप आणि बंबाला थेट जोडता येईल असं कनेक्शन सुचवलंय. आणि घर सोडून जाताना स्प्रिंकलर चालू ठेवून जाऊ नका, त्याने घर वाचायची खात्री नाही आणि बंबाचं पाणी मात्र जातं, हे ट्रेनिंगमध्ये दोनदा सांगितलं. बऱ्याच जणांचा प्लॅन नेमका तोच होता.

आफ्टर सेल्स ठीकठाक. घराच्या शीटबद्दल काही विचारलं की दोन दिवसांत उत्तर, फोटो पाठवला तर फोटोवर खुणा करून परत. रस्त्याबद्दल विचारलं की मेल कुठे जातो देव जाणे. त्यांचं एक अॅप पण आहे, त्यात दर सीझनआधी पन्हळी साफ केल्याचा फोटो टाकायचा, ते मला आधी बालिश वाटलं पण चाललंय बरं, कारण शेजाऱ्यांचे फोटो दिसतात आणि मग आपल्याला पण करावंच लागतं. पुस्तकाची भाषा मात्र जड, इष्ट, उचित, यथावकाश असले शब्द भरपूर, आणि जिथे हे शब्द वाढतात तिथे समजायचं की कोणालातरी दुखवायचं नव्हतं. शीटांची भाषा साधी आणि पुस्तकाची अशी, म्हणजे वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली असणार.

अजून एक कमतरता, पुस्तक परत कधी अपडेट करायचं ते लिहिलेलंच नाही. हे नियम सारखे बदलतायत, अमेरिकेतला वणव्याच्या पट्ट्याचा आंतरराष्ट्रीय कोड दर ३ वर्षांनी नवीन आवृत्ती काढतो, कॅलिफोर्नियाने तर चॅप्टर ७ ए उचलून २०२६ पासून वेगळा कोडच केला. आमचं पुस्तक जाड पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं, बघूनच वाटतं की आता वीस वर्षं हे कोणी उघडणार नाही. पानं बदलता येतील अशी साधी फाइल चालली असती.

घ्यावी का ही सर्व्हिस? कॉलनी बांधून झालेली असेल, लेआउट बदलायचा प्रश्नच नसेल, तर खुशाल घ्या, घरांचं काम ह्यांच्याकडून उत्तम होईल. पुढचा फेज यायचा असेल तर वर्क ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको. एक, पूर्ण फी रहिवाशांनी द्यायची, बिल्डरकडून नंतर वेगळी वसूल करा हवी तर. महाग पडेल, आम्हालाही निम्म्याची भुरळ पडली होती. दोन, रस्ते, प्लॉटमधलं अंतर आणि कुठे बांधायचंच नाही हे स्कोपमध्ये शब्दशः यायला हवं. तीन, ड्राफ्ट आणि फायनलमध्ये जे बदललं त्याची यादी कारणासकट द्यायची, कोणी सुचवलं त्याच्या नावासकट. ह्या तिसऱ्या अटीला ते नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

सध्या आमच्याकडे परिस्थिती अशी की बऱ्याच घरांच्या जाळ्या बदलून झाल्यात, काकूंनी खिडकीखालची झुडपं कुंपणाकडे हलवली (सगळी नाही), आणि बोडक्या मैदानातलं गवत कापायला माणसं लावलीत. फेज टूच्या मंजुरीची सुनावणी व्हायची आहे, तिथे हरकत नोंदवताना आम्ही ड्राफ्टचं पहिलं पान आणि फायनलचं परिशिष्ट दोन्ही जोडतोय. त्याचं काय होतं ते झालं की इथेच अपडेट टाकेन, रेटिंग तेच राहील.